पाळणे, नग सोळा

वहीत तेवढंच आहे.
सन त्रेचाळीस, श्रावण,
‘पाळणे, नग सोळा, पोहोच झाले.’
खाली अण्णांची सही, ‘सु’चा उकार नेहमीसारखा मोडलेला.

सरनोबत बाई म्हणाल्या, मिस्त्री,
कोल्हापुरात त्या साली एवढी बाळं कुणाला झाली होती?
मी हसलो.
मग ते हसू कुठं ठेवावं कळेना.

त्यांच्याकडं एक फोटो, वाळवीनं अर्धा खाल्लेला.
रात्रीचं पाणी, बहुतेक रंकाळा.
दोन माणसं गुडघाभर पाण्यात,
मधे काहीतरी लांबट, पालथं,
म्हशीच्या पाठीसारखं.
घडीची होडी. दुमडली की खांद्यावर,
उलगडली की दोघं बसणार,
कुठल्यातरी खाडीत, अंधारात,
शत्रूच्या जहाजाच्या पोटाला काहीतरी चिकटवून परतणार.
किंवा नाही परतणार.
ते वहीत नाही.

समुद्र अण्णांनी पाहिला नव्हता.
शेवटपर्यंत नाही.
घाटाच्या खाली तो आहे, एवढं ऐकून होते.

संग्रहालयाला प्रतिकृती हवी होती.
नकाशा नाही, माप नाही.
मी उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्न केले,
पंपाचे, चरकाचे.
ओतण्याआधी लोखंड लाकडात कसं दिसतं, ते मला कळतं.
पण जे घरात कुणी कधी बोललंच नाही
त्याचा साचा कशावरून काढायचा?

मग आठवली शॉपमधल्या खुंटीवरची वाकडी फळी.
टांग्याच्या मडगार्डाची, असं अण्णा सांगायचे.
आम्ही तिच्यावर शर्ट अडकवायचो.
काढली, पुसली.
बाईंनी फोटोवर भिंग धरून वाक मोजला,
मी फळीवरून सुतळी फिरवली.
दोघंही गप्प.
बाहेर लेथ सुरू होतं, ते सुरूच राहिलं.

बरगड्यांना शिवणीचं लाकूड घेतलं, हलकं.
वाकवायला उकळतं पाणी हवं, एवढं मोठं भांडं कुठलं?
वडणग्यातलं गुऱ्हाळ बंद झालेलं, त्यांची काहील मिळाली.
तीनदा घासली, तरी गूळ गेला नाही.
लाकूड त्या वासातच वाकलं.

कापड हैदर बागवानाचं,
लक्ष्मीपुरीत ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो तो.
पाण्यात जाणार हाय का काचेत? त्यानं विचारलं.
काचेत.
तरी टाका दुहेरीच घालतो, म्हणाला,
होडीला काय म्हाईत.

टाक्यांवर राळ दाबत चाललो होतो, अंगठ्यानं.
अर्ध्यात हात थांबला.
अण्णा जेवून उठताना ताटाच्या काठावरनं
असाच अंगठा फिरवायचे, पूर्ण वेढा,
कुठं पाझरतंय का बघितल्यासारखा.
आई चिडायची, अहो, पितळेचं ताट आहे ते!
ते म्हणायचे, हो, हो.

काचेत जायच्या आदल्या पहाटे
परवानगीबिरवानगी न घेता रंकाळ्यावर नेली.
आधी हैदर बसला, मग मी, गुडघे पोटाशी घेऊन.
बाई काठावर, हातात घड्याळ.
नऊ मिनिटं कोरडी.
मग डावीकडं, तिसऱ्या बरगडीशी, थेंब.
थेंबामागं थेंब.
हैदरनं आपल्याच टाक्याला शिवी घातली.
मी त्या थेंबावर अंगठा ठेवून बसलो.
सोळांतल्या किती अशा निघाल्या असतील?
कुणाच्या गुडघ्याखाली?
आणि कुणी येऊन अण्णांना सांगितलं असेल का,
की न सांगताच त्यांना ठाऊक होतं?

आता पाटीवर लिहिलंय,
‘प्रतिकृती. मूळ नौका उपलब्ध नाही.’
मी म्हटलं, पाळणा लिहा.
बाई म्हणाल्या, लोक हसतील.

मुंग्या मात्र पहिल्याच आठवड्यात आल्या.
काचेखालच्या फटीतून, रांगेनं,
बरगडीवर चढतात, आत उतरतात.
शिपाई विचारत होता, फवारू का?
अजून दोन दिवस राहू दे, म्हटलं.